जुनी फाइल नको, साचा द्या

प्रति,
मा. सचिव,
मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठी कागदपत्रांचे युनिकोडमधील, मोफत आणि सर्वांना खुले साचे राज्याने तयार करून देण्याबाबत.

महोदय,

राज्यकारभाराची भाषा मराठी असेल, हे १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने ठरवले. कारभारात कोणते शब्द वापरायचे, हे भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाने, शासन व्यवहार कोशाने आणि पाठोपाठ आलेल्या परिभाषा कोशांनी सांगितले. वर्णमाला कोणती आणि अक्षरांचे वळण कसे, हे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने आणि पुढे १० नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयाने स्पष्ट केले. कायदा झाला, शब्द झाले, लिपीही झाली. तरीही संगणकावर कोरे पान उघडून मराठीत नोटीस, इतिवृत्त, आदेश किंवा अहवाल लिहायला बसलेल्या माणसाला यातले काहीही आपोआप मिळत नाही. फॉन्ट कोणता, मथळा किती मोठा, परिच्छेदांना क्रमांक कसे द्यायचे, संदर्भ कुठे आणि स्वाक्षरी कुठे, हे त्याला दर वेळी नव्याने ठरवावे लागते किंवा कोणाच्या तरी जुन्या फायलीतून उचलावे लागते. माझी विनंती एवढीच आहे की, वर्ड किंवा लिब्रेऑफिससारख्या प्रोग्राममध्ये थेट उघडता येतील असे मराठी कागदपत्रांचे अधिकृत साचे, म्हणजेच टेम्पलेट, आपल्या विभागाने तयार करावेत आणि कोणालाही घेता येतील असे खुले ठेवावेत. हे काम वरवर किरकोळ वाटते. मराठीचे नियम कोशात आणि शासन निर्णयात राहणार की रोजच्या कागदावर उतरणार, हे मात्र याच कामावर अवलंबून आहे, असे माझे म्हणणे आहे.

आज बहुतेक ठिकाणी नवा कागद जुन्या कागदातून निघतो. मागच्या वर्षीची ग्रामसभेची नोटीस उघडायची, तारीख आणि विषय बदलायचे, दुसऱ्या नावाने जतन करायची, की झाले. या सवयीला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. हाताशी दुसरे काही नसेल, तर चालून गेलेल्या कागदावर विसंबणे हाच शहाणपणा असतो. पण या पद्धतीत चूक होण्याची जागा पद्धतीतच आहे. जुन्या फायलीत कायम ठेवायचा मजकूर आणि बदलायचा मजकूर एकसारखाच दिसतो. त्यामुळे काय बदलायचे ते लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे असते. मागचा जावक क्रमांक, बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव, रद्द झालेल्या परिपत्रकाचा संदर्भ यांपैकी काहीतरी राहून जाते. दुसऱ्या नावाने जतन करायचे विसरले, तर मूळ कागदच पुसला जातो आणि कार्यालयाच्या दप्तरातला एक पुरावा नाहीसा होतो. डोळ्यांना न दिसणारा भाग याहून नाजूक आहे. फायलीच्या गुणधर्मांत पहिल्या लेखकाचे नाव राहते, बदलांचा मागोवा चालू असेल तर खोडलेली वाक्ये राहतात, समासातल्या टिपाही राहतात. एका अर्जदाराला दिलेले उत्तर दुसऱ्यासाठी वापरले, तर पहिल्याची खासगी माहिती त्या फायलीसोबत बाहेर जाऊ शकते. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशाने स्वतंत्र कायदा केला आहे. अशा वेळी कोरा साचा नाही म्हणून कोणाचा तरी भरलेला कागद फिरवत राहणे परवडणारे नाही.

साच्याचे काम या दुखण्याच्या मुळाशी जाते. वर्डमधली ‘डीओटीएक्स’ किंवा लिब्रेऑफिसमधली ‘ओटीटी’ प्रकारची फाइल डबल-क्लिक करून उघडली की प्रोग्राम मूळ फाइल हाती देत नाही. तिच्यावरून एक नवा, अजून नाव नसलेला कागद तयार करून देतो. मूळ साचा जागच्या जागी सुरक्षित राहतो. भरायच्या जागा त्यात आधीच आखलेल्या असतात. ‘येथे सभेचा दिनांक निवडा’, ‘येथे ठराव क्रमांक लिहा’ अशी सूचना तिथे दिसते आणि लिहायला लागताच ती सूचना निघून जाते. पदनाम निवडण्यासाठी यादी ठेवता येते. म्हणजे पदनाम कोशातला शब्द शोधायला कपाटापर्यंत जावे लागत नाही, तो कागदावरच समोर येतो. साच्याचे खरे बळ स्टाइलमध्ये आहे. मथळा निवडून तो ठळक आणि मोठा करणे वेगळे आणि त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावणे वेगळे. पहिल्या प्रकारात तो फक्त मथळ्यासारखा दिसतो. दुसऱ्या प्रकारात हा मथळा आहे, हे प्रोग्रामला कळते. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते, मजकूर पुढेमागे सरकला तर तिच्यातले पृष्ठक्रमांक एका क्लिकने दुरुस्त होतात, आणि शंभर पानांच्या अहवालातल्या सगळ्या उपमथळ्यांचा आकार एका जागी बदलून सगळीकडे बदलता येतो. चांगल्या साच्यात हे सगळे एकदाच, जाणत्या माणसाने ठरवलेले असते. वाईट साचा किती नुकसान करतो, तेही इथेच सांगितले पाहिजे. पत्राच्या साच्यात दर वेळी आपोआप बदलणारी तारीख घातली, तर जूनमध्ये पाठवलेले पत्र ऑक्टोबरमध्ये उघडल्यावर ऑक्टोबरचीच तारीख दाखवते. म्हणून हे काम ज्याला जसे जमेल तसे करायचे नाही. ते नीट तपासून, एका जबाबदार संस्थेने करायचे आहे.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला साच्याची जेवढी गरज आहे, त्याहून मराठीत लिहिणाऱ्याला ती जास्त आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. वर्ड आणि लिब्रेऑफिस हे दोन्ही प्रोग्राम एकाच स्टाइलमध्ये रोमन अक्षरांसाठी एक फॉन्ट आणि आकार, तर देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांसाठी दुसरा फॉन्ट आणि आकार ठेवतात. ही दुसरी बाजू कोणी ठरवली नसेल, तर प्रोग्राम स्वतःच्या सोयीचा फॉन्ट घालतो. एकाच पानावर मराठी मजकूर एका आकारात आणि मधला इंग्रजी शब्द किंवा आकडा दुसऱ्याच आकारात दिसतो, त्याचे हे एक नेहमीचे कारण. दोन ओळींतले अंतर रोमन लिपीच्या हिशोबाने पक्के बांधले, तर वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल, तर शुद्धलेखन तपासणी चुकीच्या भाषेचे नियम लावते किंवा काहीच करत नाही. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची आणि हिंदी वळणाची अशी दोन्ही रूपे असतात. तिथे कोणते रूप उमटावे, हे भाषेच्या नोंदीवरून ठरू शकते. क्रमांक १, २, ३ असे देवनागरीत आपोआप यावेत यासाठीही वेगळी निवड करावी लागते. ही निवड सापडली नाही की लोक क्रमांक हाताने टंकतात आणि मधला एक मुद्दा काढला की पुढचे सगळे पुन्हा लिहितात. यातली एकही गोष्ट ग्रामपंचायतीच्या लिपिकाने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिकून घ्यावी, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. पण हे सगळे साच्यात एकदा ठरवून ठेवता येते आणि मग लिहिणाऱ्याला त्याचा विचारही करावा लागत नाही. २००९ आणि २०२२ च्या शासन निर्णयांतले वळण कागदावर यावे असे शासनाला वाटत असेल, तर ते निर्णय साच्यात उतरवणे हा त्यांच्या अंमलबजावणीचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

यात महाराष्ट्राला अनोळखी असे काही नाही. ठरलेल्या नमुन्यात लिहिणे ही इथल्या कारभाराची जुनी रीत आहे. महसूल खात्याचे गाव नमुने याचे सर्वांत परिचित उदाहरण. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला सातबारा निरक्षर शेतकऱ्यालाही ओळखता येतो, कारण सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत त्याची आखणी एकच असते. फेरफार म्हटले की नमुना सहा आणि खातेउतारा म्हटले की आठ अ, हे गावोगावी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी आहेत आणि त्यांच्यासोबत अर्जांचे नमुनेही आहेत. त्यामुळे सभासदत्वाचा अर्ज प्रत्येक सोसायटीला नव्याने रचावा लागत नाही. शासन निर्णयाकडे पाहिले तरी तेच दिसते. विषय, ‘वाचा’ खालचे संदर्भ, प्रस्तावना, प्रत्यक्ष निर्णय आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द. ही शेवटची ओळ शोभेसाठी नसते. राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद १६६ सांगतो. कागदाचा नमुना ते बंधन आठवणीने पाळतो. म्हणजे नमुन्याचे महत्त्व या राज्याला कोणी पटवून द्यायला नको. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. छापील नमुन्याचे युग संपून संगणकाचे आले, तेव्हा अनेक नमुने चित्रासारख्या पीडीएफमध्ये किंवा कोणत्या तरी जुन्या फॉन्टातल्या फायलीत अडकले. ते पाहता येतात, छापता येतात, पण त्यात सरळ लिहिता येत नाही. मग माणूस ते समोर ठेवून सगळे पुन्हा टंकतो.

जुन्या फॉन्टांचा उल्लेख झालाच आहे, तर त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक देणारी पद्धत, येण्याआधी मराठी मुद्रण ज्या फॉन्टांनी तगवले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या फॉन्टांत टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे गाठोडे असतो. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही आणि मराठी शब्द देऊन त्यात शोधही घेता येत नाही. देवनागरी युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे आहे आणि केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोडचे मानक स्वीकारूनही बराच काळ लोटला आहे. तरीही जुन्या फॉन्टातले कागद जन्माला येत राहतात, आणि त्याचे मुख्य कारण पुन्हा तेच आहे: ज्या फायलीवरून नवा कागद केला, ती फाइल जुन्या फॉन्टात होती. जुन्या फायलीवर लिहिण्याची सवय जुन्या फॉन्टाचे आयुष्य दर आठवड्याने वाढवते. ‘युनिकोडच वापरा’ असे परिपत्रक काढून ही साखळी तुटत नाही. जुन्या फायलीहून सोपे असे दुसरे काही लिहिणाऱ्याच्या हाती दिले, तरच तुटते. युनिकोड फॉन्ट घातलेला, कोणत्याही संगणकावर उघडणारा साचा हे ते दुसरे काही असू शकते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेल्या ‘मुक्त’सारखे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर उपलब्ध आहेत, त्यामुळे फॉन्टाच्या हक्काचा प्रश्नही अडथळा ठरण्याचे कारण नाही.

आतापर्यंत लिहिणाऱ्याची बाजू मांडली. वाचणाऱ्याची बाजू त्याहून मोठी आहे, आणि सगळ्यांत जास्त दृष्टिहीन वाचकाची. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीएसारखा मोफत प्रोग्राम वापरणारी व्यक्ती ऐंशी पानांचा अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत बसत नाही. ती एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी घेते, हवा तो भाग सापडला की तिथे थांबते. मथळे खऱ्या स्टाइलचे असतील तरच ही उडी घेता येते. फक्त ठळक केलेली ओळ त्या प्रोग्रामसाठी इतर ओळींसारखीच एक ओळ असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सर्वांना वापरता येण्याजोगा असावा असे सांगतो. ही जबाबदारी प्रत्येक टंकलेखकाच्या जाणिवेवर सोडली, तर ती पाळली जाण्याची शक्यता फार थोडी. साच्यातच योग्य स्टाइल असतील, तक्त्याची शीर्ष ओळ प्रत्येक पानावर पुन्हा येईल अशी आखणी असेल, तर लिहिणाऱ्याला दिव्यांग कायदा माहीत नसतानाही त्याचा कागद त्या कायद्याच्या बराच जवळ जातो. डोळस वाचकालाही याचा लाभ होतो. नीट मथळे असलेला कागद पीडीएफ करताना ते मथळे बाजूच्या पट्टीत खुणा म्हणून आणता येतात आणि मोबाइलवर लांबलचक आदेश वाचणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या कामाचे कलम शोधता येते.

या सूचनेवर काही आक्षेप येतील आणि त्यातले काही रास्त आहेत. पहिला आक्षेप भाषेच्या बाजूने येईल. साचे दिले की भाषा साचेबंद होते, सगळीकडे तीच ठोकळेबाज वाक्ये दिसू लागतात, आणि शासकीय मराठीचा आधीच असलेला जडपणा आणखी वाढतो. हा धोका खरा आहे. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ हे वाक्य एकदा साच्यात बसले, तर ते वर्षानुवर्षे निघणार नाही. पण हा धोका आजही पुरेपूर आहे, कारण जुनी फाइल हाही एक साचाच आहे. फक्त तो कोणी तपासलेला नाही. आजची जड वाक्ये लोक नव्याने रचत नाहीत, ती एका कागदातून दुसऱ्या कागदात वाहत येतात. हाच प्रवाह उलट दिशेने वळवता येईल. भाषा संचालनालयाकडे आणि राज्य मराठी विकास संस्थेकडे भाषेचे जाणकार आहेत. त्यांनी साध्या, स्वच्छ मराठीत वाक्ये लिहिली, ती सामान्य नागरिकांकडून वाचवून घेतली आणि मग साच्यात घातली, तर चांगले वाक्यही तितक्याच वेगाने पसरेल. शिवाय साच्याने मजकूर बांधायचा नसतो, सांगाडा बांधायचा असतो. नोटिशीत दिनांक, वेळ, स्थळ, विषय आणि कोणत्या तरतुदीनुसार सभा आहे हे आलेच पाहिजे, तिथे स्वातंत्र्य नको. विषय समजावून सांगणारा परिच्छेद मात्र मोकळा असावा. हात आखणीतून मोकळा झाला, तर मन मजकुराकडे लागते, आणि त्यातून भाषा सुधारते.

दुसरा आक्षेप असा की, आता ई-ऑफिस आहे, आपले सरकार पोर्टल आहे, बहुतेक सेवा ऑनलाइन अर्जाने मिळतात. मग वर्डच्या साच्यांची गरज काय? ई-ऑफिस फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेते, तिचा माग ठेवते, आणि ते काम मोलाचे आहे. पण जो मसुदा ती नेते, तो कोणीतरी लिहावाच लागतो. ऑनलाइन अर्ज ठरावीक रकान्यांसाठी असतो; बैठकीचे इतिवृत्त, चौकशी अहवाल, कारणे दाखवा नोटीस, माहिती अधिकारातले सविस्तर उत्तर हे रकान्यांत मावत नाही. आणि मराठीत कागद लिहिणारे सगळे मंत्रालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात बसत नाहीत. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांच्याखेरीज शाळा व्यवस्थापन समित्या आहेत, सहकारी सोसायट्या, बचत गट, ग्रंथालये, सार्वजनिक न्यास आणि कामगार संघटना आहेत. या सगळ्यांना सभेची नोटीस काढावी लागते, ठराव लिहावे लागतात, हिशोबाचा अहवाल द्यावा लागतो. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ई-ऑफिस नाही, मसुदा लिहून देणारा कक्ष अधिकारी नाही. गोव्यातल्या किंवा बेळगावातल्या मराठी संस्था, इंदूर-बडोद्याची मंडळे, १९३२ पासून चालत आलेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ यांनाही सभेचे इतिवृत्त मराठीत लिहायचे असेल, तर हेच साचे उपयोगी पडतील. राज्याने एकदा केलेले काम त्यांना फुकट मिळेल, आणि त्यासाठी राज्याला एक रुपयाही जास्त लागणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम आता सांगाल ते पत्र मराठीत लिहून देतात. मग साचा करण्यात वेळ कशाला घालवायचा? हे प्रोग्राम मसुद्यासाठी उपयोगी पडू शकतात, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण दोन माणसांनी दोन वेळा विचारले, तर ते दोन वेगळ्या आखणीचे कागद देतात. कोणती तरतूद नमूद करायची, प्रत कोणाला द्यायची, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे सांगायचे की नाही, याबाबत त्यांच्यावर विसंबता येत नाही. माहिती नाकारणाऱ्या उत्तरात नाकारण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा, असे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ सांगतो. साच्यात त्यासाठी जागा असेल, तर ते सुटत नाही. मोकळ्या मसुद्यात ते सुटू शकते, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. उलट, साचा असेल तर यंत्राची मदतही सुरक्षित होते: सांगाडा साच्याचा, त्यातल्या मोकळ्या परिच्छेदापुरता मसुदा यंत्राचा, आणि अंतिम शब्द सही करणाऱ्याचा. साचा नसेल, तर यंत्र जे देईल तीच पुढची ‘जुनी फाइल’ होईल.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. कर्मचाऱ्यांना हे शिकवणार कोण, आणि कोणाकडे वर्ड, कोणाकडे लिब्रेऑफिस, हे गणित कसे जमवायचे? शिकवण्याची वाट राज्यात आधीच तयार आहे. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम राज्यभर चालतो आणि शासकीय नोकरीतल्या अनेक पदांसाठी तो किंवा तत्सम अर्हता लागते. त्यात वर्ड शिकवले जातेच. तिथे मराठी साचा वापरणे आणि स्टाइल लावणे हे दोन धडे सक्तीचे केले, तर नवीन यंत्रणा उभारावी लागणार नाही. साचा वापरायला तर फारसे शिकावेही लागत नाही. शिकायचे असते ते साचा तयार करायला, आणि ते काम थोड्याच लोकांचे आहे. प्रोग्रामांच्या फरकाचे उत्तर मानकांत आहे. लिब्रेऑफिसच्या फायलींमागचे ओपन डॉक्युमेंट स्वरूप २००६ मध्ये आणि वर्डचे स्वरूप २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये संपादन करायच्या कागदांसाठी ओपन डॉक्युमेंट स्वरूप निवडले. प्रत्येक साचा दोन्ही स्वरूपांत द्यावा, दोन्हींत तपासून द्यावा, एवढे पुरे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. साच्यांत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, मुळीच नसाव्यात. १९९९ मध्ये मॅक्रोच्या वाटेने जगभर पसरलेला मेलिसा हा विषाणू वर्डच्या मूळ साच्यातही शिरत असे. मॅक्रोशिवायचा साचा विश्वासाने उघडता येतो आणि रोजच्या कामाला तेवढाच लागतो.

आता ही विनंती कृतीच्या भाषेत मांडतो. पहिल्या टप्प्यात शंभर साच्यांचे स्वप्न पाहू नये. सर्वांत जास्त लागणारे दहा-बारा कागद घ्यावेत: शासकीय पत्र, अर्धशासकीय पत्र, परिपत्रक, कार्यालयीन आदेश, टिप्पणी, सभेची नोटीस, सभेचे इतिवृत्त, ठराव, माहिती अधिकाराचे उत्तर, कारणे दाखवा नोटीस, प्रमाणपत्र आणि मोठ्या अहवालाचा साचा. सगळ्यांच्या तळाशी एकच मूळ साचा असावा, ज्यात फॉन्ट, आकार, ओळींतले अंतर, मजकुराची भाषा आणि क्रमांकांची पद्धत ठरलेली असेल. बाकीचे त्याच्यावरून तयार व्हावेत. संस्थेच्या बोधचिन्हाची आणि नावाची जागा मोकळी असावी, म्हणजे जिल्हा परिषद आणि ग्रंथालय दोघांनाही तो आपला करता येईल. प्रत्येक साच्यावर आवृत्तीचा क्रमांक आणि दिनांक असावा, जेणेकरून नियम बदलला की कोणता साचा जुना झाला ते लगेच कळेल. जुन्या फायलीवर अशी खूण नसते. शब्दांची जबाबदारी भाषा संचालनालयाने घ्यावी, तांत्रिक तपासणीसाठी पुण्यातल्या सी-डॅकसारख्या संगणक संशोधन संस्थेचे साहाय्य घ्यावे, आणि दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेतल्याखेरीज एकही साचा प्रसिद्ध करू नये. परवाना खुला असावा. कोणालाही घेता, बदलता आणि वाटता यावा. लोकांनी चुका कळवण्यासाठी एक पत्ता असावा आणि कळवलेल्या चुकीचे काय झाले, ते जाहीर करावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्या दर्जाने जुन्या ग्रंथांच्या अभ्यासाला बळ मिळेल, ते मिळालेच पाहिजे. पण भाषा टिकते ती रोज लिहिली जाणाऱ्या कागदांवर: शिधापत्रिकेच्या अर्जाला दिलेल्या उत्तरावर, शाळेच्या दाखल्यावर, पाणीपुरवठ्याच्या ठरावावर. तिथे मराठीत लिहिणे इंग्रजीपेक्षा अवघड राहिले, तर अभिमान असलेला माणूसही घाईच्या वेळी इंग्रजीकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मराठीत लिहिणे सोपे करणे हे आपल्या विभागाच्या हाती आहे. हे काम यशस्वी झाले की नाही, हे ओळखायची कसोटीही साधी ठेवावी. एखाद्या लहान ग्रामपंचायतीत नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला पहिल्याच दिवशी, कोणाचीही जुनी फाइल न मागता, ग्रामसभेची बिनचूक नोटीस मराठीत काढता आली पाहिजे. ज्या दिवशी हे राज्यभर शक्य होईल, त्या दिवशी राजभाषा अधिनियमाचा हेतू कारभाराच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल. आपण या कामाचा पहिला शासन निर्णय लवकर काढावा आणि तो याच मूळ साच्यावरून तयार केलेला असावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
मराठीत कागदपत्रे लिहिणारा एक नागरिक